साठ दिवसांचा हिशोब



बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही. चातुर्मासातल्या भाज्यांचा लेख अर्धाच राहिला म्हणून दोघी-तिघींनी मंदिरात टोकलंही. राहिला खरा. सप्टेंबरपासून आमच्या घरात एकच विषय होता, आणि त्यावर काही लिहिण्याचं धाडस होत नव्हतं. आता लिहिते आहे, कारण आपल्या भूम, परंडा, कळंब, बार्शीकडच्या कितीतरी घरांतली मुलं परदेशात आहेत. ज्या आईला उद्या हा प्रश्न पडेल तिला माझ्यासारखं अंधारात चाचपडावं लागू नये. आणि दुसरं कारण म्हणजे मला एक कबुली द्यायची आहे.

आमचा धाकटा अमेरिकेत संगणकाच्या नोकरीत आहे हे तुमच्यापैकी बऱ्याच जणींना ठाऊक आहे. मे महिन्यात बार्शीच्या घरी कुंकू लागलं आणि डिसेंबरात तो आला की साखरपुडा, असं ठरलं होतं. दिवाळीनंतर जी भेटेल ती विचारायची, "काकू, कधी येतोय नवरदेव?" मी म्हणायची, "येईल हो, कामाचा फार ताप आहे सध्या." खरं तर त्या दिवसांत त्याच्याकडे कामच नव्हतं.

दशलक्षण पर्व २०२५ मध्ये २८ ऑगस्टला सुरू झालं. माझं दहाही दिवस एकाशन होतं. तिसऱ्या दिवशी महिला मंडळात उत्तम आर्जव धर्मावर बोलायची पाळी माझी होती. मनात एक, ओठावर दुसरं आणि हातून तिसरंच असं नसावं, हे मी चांगलं पाऊण तास सांगितलं. सगळ्यांनी कौतुक केलं. पुढे काय होणार ते माहीत असतं तर त्या दिवशी मी गप्प बसले असते.

क्षमावाणीला, म्हणजे ८ सप्टेंबरला, मुलाचा फोन आला. दरवर्षी येतो. "आई, वर्षभरात काही चुकलं असेल तर उत्तम क्षमा." आवाज जरा बसलेला वाटला. मी म्हटलं, सर्दी झाली का रे? तो हो म्हणाला. नोकरीचा त्याचा तो शेवटचा दिवस होता, हे मला बारा दिवसांनी कळलं.

कळलं ते असं. २० सप्टेंबरला सकाळी शेजारच्या वहिनी धावत आल्या. टीव्हीवर बातमी होती की अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी एच-वन-बी व्हिसावर १ लाख डॉलर लावले. आपल्या पैशांत ८८ लाखांच्या आसपास. मी घाबरून फोन केला. तो म्हणाला, "आई, ते नवीन अर्जांसाठी आहे, इथे आधीपासून असणाऱ्यांना नाही." आणि मग थोडा वेळ थांबून म्हणाला, "पण मला तुला दुसरंच सांगायचंय. माझी नोकरी गेलीय. कंपनीनं आमची सगळी टीमच कमी केली."

मी विचारलं, मग दुसरी शोध ना, त्यात काय! आणि त्या दिवशी पहिल्यांदा मला कळलं की तिथली नोकरी जाणं म्हणजे इथल्यासारखं नसतं.

तुम्हाला मी आमच्या दुकानाच्या भाषेत सांगते, म्हणजे मला समजलं तसं समजेल. आमचं आडत दुकान आहे. भूमच्या बाजार समितीच्या परवान्यावर उठून बार्शीच्या मोंढ्यात गाळा टाकता येत नाही. तिथला परवाना वेगळा काढावा लागतो. एच-वन-बीचं असंच आहे. तो व्हिसा मुलाला मिळतो, पण अर्ज कंपनी करते आणि परवानगी त्याच कंपनीत त्याच कामासाठी असते. नोकरी सुटली की शेवटच्या दिवसापासून फार तर ६० दिवसांची मुदत असते. तेवढ्यात दुसऱ्या कंपनीनं त्याच्यासाठी नवा अर्ज भरायचा, नाहीतर बाडबिस्तरा आवरून परत यायचं. ८ सप्टेंबरपासून मोजले तर साठावा दिवस ७ नोव्हेंबर.

मी देवघराजवळच्या कॅलेंडरवर त्या तारखेला पेन्सिलीनं एक बारीक ठिपका दिला. घरात सासूबाईंना दिसू नये इतका बारीक.

त्यानंतर दोनच दिवसांत आपल्याकडे काय झालं ते तुम्हाला सांगायला नको. भूम-परंड्याच्या त्या पावसात नद्या गावांत शिरल्या, माणसांना हेलिकॉप्टरनं काढावं लागलं. काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात कुजलं. शेतकऱ्याचं पीक गेलं की आडत दुकानाची उधारीही गेलीच. आमचे हे रोज संध्याकाळी वही उघडायचे, कोणाच्या नावावर किती ते बघायचे आणि तशीच मिटायचे. मागायला कुणाच्या तोंडानं जायचं? अशा वेळी मुलाच्या पैशांचा घराला आधार असतो. त्या महिन्यात तोही नव्हता. हे दोघांनाच माहीत होतं, यांना आणि मला.

२६ सप्टेंबरला बरी बातमी आली. दुसऱ्या एका कंपनीनं त्याला घेतलं. मी देवापुढे दिवा लावला आणि समजले की संपलं. पण खरा उशीर तिथून पुढे सुरू झाला.

नव्या कंपनीला त्याचे शिक्षणाचे आणि जन्माचे कागद तपासायचे होते. त्याचा दाखला म्हणतो जन्म उस्मानाबाद जिल्हा. पदवीच्या कागदावर औरंगाबाद. मध्यंतरी मी नगरपरिषदेतून नवा जन्मदाखला काढून पाठवला होता, त्यावर धाराशिव. २०२३ मध्ये दोन्ही जिल्ह्यांची नावं बदलली, हे आपल्याला पाठ आहे, पण सातासमुद्रापलीकडच्या कागद तपासणाऱ्या मुलीला काय ठाऊक? तिला वाटलं, हा माणूस दोन वेगवेगळ्या गावांत जन्मला आहे. मग यांनी नावबदलाची सरकारी अधिसूचना शोधून पाठवली, सोबत एका पानावर लिहून दिलं की उस्मानाबाद आणि धाराशिव हे एकच, औरंगाबाद आणि छत्रपती संभाजीनगर हेही एकच. यात चार दिवस गेले. ३० सप्टेंबरला कागद पक्के झाले.

आणि १ ऑक्टोबरला अमेरिकेचं सरकार बंद पडलं.

मला आधी हे खरंच वाटलं नाही. सरकार कसं बंद पडेल? पण तिथे खर्चाच्या मंजुरीवरून संसदेत एकमत झालं नाही की अनेक खात्यांचं काम थांबतं. या वेळी ते ४३ दिवस चाललं, १ ऑक्टोबरपासून १२ नोव्हेंबरपर्यंत. त्यांच्या तोवरच्या इतिहासातलं सगळ्यात लांब.

आता गंमत बघा. गंमत कसली, नशीब म्हणा. व्हिसाचा अर्ज घेणारं कार्यालय चालूच होतं, कारण ते अर्जांच्या फीवर चालतं. पण त्या अर्जाला आधी एक कागद जोडावा लागतो. त्याला एलसीए म्हणतात. आम्ही या माणसाला या गावात, या कामासाठी, इतका पगार देऊ, स्थानिक माणसाचा पगार त्यामुळे पडणार नाही, असं कंपनी लिहून देते आणि तिथलं श्रम खातं त्यावर शिक्का मारतं. एरवी याला कामकाजाचे ७ दिवस लागतात. ते श्रम खातं बंद. त्यांची वेबसाइटसुद्धा बंद. म्हणजे अर्ज घेणारी खिडकी उघडी, पण अर्जाला जोडायचा कागद देणारी खिडकी बंद. आणि आमचे साठ दिवस मात्र सरकत होते, ते कुणासाठी थांबत नव्हते.

मी मनातल्या मनात त्या चार दिवसांना दोष देत बसले. तो नवा जन्मदाखला मी काढलाच नसता तर? जुनाच पाठवला असता तर? रात्री झोप लागेना. शेवटी मुलानं वकिलाला विचारून सांगितलं, की बंद पडायच्या आदल्या दिवशी दिलेले कागदही तसेच अडकून पडले आहेत. चार दिवस लवकर दिले असते तरी मंजुरी आली नसती. तेव्हा कुठे माझा जीव थोडा खाली पडला.

आता कबुलीकडे येते.

दिवाळीच्या आठवड्यात त्याच्या एका ओळखीच्या मुलानं त्याला उपाय सुचवला. तिथे काही छोट्या कंपन्या असतात. त्या पैसे घेऊन कागदावर नोकरी दाखवतात, दोन महिन्यांच्या पगाराच्या पावत्या बनवून देतात. म्हणजे नोकरी ८ सप्टेंबरला सुटलीच नाही असं दिसतं आणि साठ दिवसांची भानगडच राहत नाही. मुलानं फोनवर मला हे सहज म्हणून सांगितलं. आणि मी म्हटलं, "मग करून टाक ना. कोण बघतंय तिथं? सगळेच करत असतील."

हो सख्यांनो, मीच म्हटलं. ऑगस्टमध्ये आर्जव धर्मावर पाऊण तास बोलणाऱ्या मी.

तो काही रागावला नाही. एवढंच म्हणाला, "आई, एकदा खोटी तारीख लिहिली की पुढच्या प्रत्येक अर्जात तीच लिहावी लागते. आणि सापडलं तर त्या देशात कायमची बंदी येते. त्यापेक्षा परत आलेलं बरं." मग म्हणाला, "आणि ज्यांनी खरंच उधारी बुडवली नाही त्यांच्याकडे बाबा बघ कसे निर्धास्त जातात." यांच्याबद्दल मुलाच्या तोंडून हे ऐकून मला रडू आलं. यांना मी ते सांगितलं नाही, आज हा लेख वाचतील तेव्हा कळेल.

पहाटे मंदिरात निर्वाण लाडू चढवला. घरी येऊन यांनी नव्या वहीच्या पहिल्या पानावर वीर निर्वाण संवत २५५२ लिहिलं. दुकानात नफा नव्हता, मुलाची नोकरी लटकलेली, तरी अक्षर नेहमीसारखं ठसठशीत. मी बघत राहिले.

३१ ऑक्टोबरला श्रम खात्याची वेबसाइट पुन्हा सुरू झाली. त्याच दिवशी नव्या कंपनीनं एलसीएचा कागद भरला. पण कामकाजाचे ७ दिवस मोजले, मध्ये ११ नोव्हेंबरची त्यांची सुट्टी, म्हणजे मंजुरी १२ नोव्हेंबरला. आमचा साठावा दिवस ७ तारखेचा.

वकिलांनी तीन वाटा सांगितल्या. पहिली, ७ तारखेच्या आत देश सोडून यायचं. पण मग नव्या अर्जावर ते १ लाख डॉलर मागितले जाण्याची भीती, आणि कोणती कंपनी एका मुलासाठी ८८ लाख भरेल? दुसरी, काही महिने पाहुणा म्हणून राहायची परवानगी मागायची. तिसरी, अर्ज उशिरा भरायचा आणि उशीर का झाला ते पुराव्यासकट सांगायचं. आपल्या हाताबाहेरच्या असाधारण कारणानं उशीर झाला असेल तर तो माफ करण्याची सोय त्यांच्या नियमात आहे आणि सरकार बंद पडणं त्यात बसतं. पण माफ करायचं की नाही हे अर्ज बघणाऱ्या अधिकाऱ्याच्या हातात. त्यानं नाही म्हटलं तर पुन्हा देश सोडा आणि पुन्हा ते १ लाख डॉलर समोर. वकील तिसऱ्या वाटेच्या बाजूनं होते. मुलानं आणि कंपनीनं तीच धरली.

७ नोव्हेंबर आला आणि गेला. कॅलेंडरवरचा ठिपका मी दिवसभर बघत होते. एरवी मुदतीत अर्ज गेला असता तर अर्ज भरल्या दिवसापासून नव्या कंपनीत काम सुरू करता आलं असतं, मंजुरीची वाट बघावी लागत नाही. मुदत टळल्यामुळे ती सवलत गेली. मंजुरी येईपर्यंत काम नाही, पगार नाही. खोलीचं भाडं साठवलेल्या पैशांतून.

१३ तारखेला अर्ज गेला. सहा दिवस उशिरा. त्यासोबत कंपनीच्या वकिलांनी एक पत्र जोडलं. मुलानं त्याचा मसुदा मला वाचून दाखवला, मराठीत सांगत सांगत. मला वाटलं होतं खूप विनवण्या असतील. तसं काहीच नव्हतं. नुसत्या तारखा. अमुक दिवशी नोकरी संपली. अमुक दिवशी नवी मिळाली. अमुक दिवशी कागद तयार. १ ऑक्टोबरला वेबसाइट बंद, त्याचा त्याच दिवशी काढलेला फोटो सोबत. ३१ ऑक्टोबरला सुरू, त्याच दिवशी कागद भरला, त्याची पोच सोबत. १२ ला मंजुरी, १३ ला अर्ज.

आणि त्यात २६ ते ३० सप्टेंबर हे आपले चार दिवसही होते. गावांची नावं बदलल्यामुळे कागद जुळवायला वेळ लागला, असं सरळ लिहिलेलं. मी म्हटलं, हे कशाला? हे तर आपल्या बाजूचं. तो म्हणाला, "वकीलच म्हणाले, रिकामी जागा ठेवायची नाही. जिथे तुम्ही गप्प बसता तिथे वाचणारा स्वतःचं काहीतरी घालतो."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. कारण मी तर दोन महिने बार्शीला रिकामी जागाच ठेवली होती. होणाऱ्या विहीणबाईंचा दर आठवड्याला फोन यायचा. त्या तब्येत विचारायच्या, मी पावसाचं सांगायचे, सोयाबीनचं सांगायचे. मुलाचं निघालं की "बिझी आहे" म्हणून विषय बदलायचे. पोरीच्या आईला काय वाटेल, जमलेलं मोडलं तर चार लोक काय म्हणतील, हीच भीती.

शेवटी यांना म्हटलं, मी बार्शीला जाऊन येते. रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून कुंथलगिरीचा पेढा घेतला आणि एसटीत बसले. वाटभर शब्द जुळवत होते. तिथे पोचल्यावर त्यांनी पाणी दिलं, सूर्यास्ताच्या आत जेवून घ्या म्हणाल्या. मी म्हटलं, "आधी ऐकून घ्या, मग जेवायचं की नाही ते ठरवू." आणि सगळं सांगितलं. ८ सप्टेंबरपासून, तारखांसकट, त्या पत्रासारखं. खोट्या पावत्या कर म्हणाले होते, तेही सांगितलं.

त्या शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "ताई, तुमच्या लेकानं आमच्या पोरीला हे सप्टेंबरातच सांगितलंय. नोकरी गेली त्याच आठवड्यात. तिनं आम्हाला सांगितलं. हे म्हणाले, मुलगा सरळ आहे, थांबू. आम्ही फक्त तुम्ही कधी सांगता त्याची वाट बघत होतो."

मला भुईनं पोटात घ्यावं असं झालं. दोन महिने ज्यांच्यापासून मी लपवत होते त्यांना सगळं ठाऊक होतं, आणि माझं प्रत्येक "बिझी आहे" त्यांनी ऐकून घेतलं होतं. मी हात जोडले. क्षमावाणी होऊन दोन महिने झाले होते, पण माझी त्या दिवशी झाली. मग आम्ही दोघी जेवलो. मुगाची खिचडी आणि कढी. इतकी गोड खिचडी मी बऱ्याच दिवसांत खाल्ली नव्हती.

पुढचं थोडक्यात सांगते. कंपनीनं लवकर निकालासाठी २,८०५ डॉलरची जादा फी भरली होती, त्यात कामकाजाच्या १५ दिवसांत उत्तर मिळतं. उत्तर मिळालं डिसेंबरात, पण ते मंजुरी नव्हती. आणखी पुरावे मागितले होते. शेवटची पगारपावती, नव्या नोकरीच्या पत्राची तारीख, वेबसाइट बंद असल्याचा पुरावा. असे पुरावे मागितले की १५ दिवसांची मोजणी थांबते आणि उत्तर दिल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. सगळं तयार होतं, कारण त्यानं पहिल्या दिवसापासून वही ठेवली होती. आमच्या घरचं पोर, दुसरं काय करणार! जानेवारीच्या मध्यात मंजुरी आली. उशीर माफ झाला. तो कामावर रुजू झाला.

साखरपुडा मात्र राहिला आहे. कारण मंजुरी वेगळी आणि पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का वेगळा. मंजुरीवर तिथे राहून काम करता येतं. बाहेर पडून परत आत जायचं तर शिक्का लागतो, आणि त्याचा जुना शिक्का संपला आहे. पूर्वी बऱ्याच जणांना कागद पेटीत टाकून शिक्का मिळायचा. २ सप्टेंबर २०२५ पासून ती सोय जवळजवळ बंद झाली, आता समक्ष मुलाखत. शेजारच्या एखाद्या देशात जाऊन शिक्का घेऊन यायची वाटही बंद, आपल्याच देशात किंवा राहत्या देशात अर्ज करायचा. त्यात १५ डिसेंबरपासून एच-वन-बीवाल्यांची आणि त्यांच्या बायकामुलांची समाजमाध्यमांवरची खाती तपासायला लागले, त्यामुळे डिसेंबरातल्या कितीतरी मुलाखती मार्चवर आणि त्याही पुढे गेल्या. आमच्या नात्यातला एक मुलगा लग्नासाठी आला आणि इथेच अडकला. सुट्टी संपली, हळद उतरली, मुलाखत नाही. म्हणून आमच्या दोन्ही घरांनी ठरवलं, मुलाखतीची तारीख हातात आल्याशिवाय मुलानं निघायचं नाही. पोरगी बार्शीत फार्मसीच्या कॉलेजात शिकवते. ती म्हणाली, "मला घाई नाही, काकू." तिला आता मी आई म्हणायला सांगितलं आहे.

ज्यांची मुलं तिकडे आहेत त्यांच्यासाठी दोन-चार गोष्टी लिहून ठेवते. वकील मी नाही, त्यामुळे नियम त्या त्या वेळी वकिलालाच विचारायचे. पण आईनं एवढं लक्षात ठेवावं.

एक. नोकरी गेली तर शेवटचा दिवस कोणता, हे मुलाला पहिल्यांदा विचारा. सूचना मिळाली तो दिवस आणि नोकरी संपली तो दिवस वेगळे असू शकतात. साठ दिवस नोकरी संपल्यापासून मोजतात. आणि त्याच्या परवानगीची मूळ मुदत त्याआधीच संपत असेल तर साठही मिळत नाहीत.

दोन. पदवी, गुणपत्रिका, जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, यांच्या प्रती घरी एका फाईलमध्ये ठेवा. आपल्या जिल्ह्याचं नाव बदललेलं आहे, तेव्हा नावबदलाच्या अधिसूचनेची प्रतही त्याच फाईलमध्ये. आमचे चार दिवस त्यात गेले.

तीन. पगाराच्या पावत्या आणि कंपनीची पत्रं मुलानं नोकरी चालू असतानाच स्वतःकडे उतरवून घ्यावीत. नोकरी गेली की त्याच दिवशी संगणक बंद होतो.

चार. उशीर झाला तर तो लपवायचा नाही. कधी झाला, का झाला, त्याचा पुरावा काय, एवढं तारखेवार लिहायचं. आपली चूक असेल तर तीही.

पाच. आणि तुम्ही घरी काय सांगता, ते मुलानं काय सांगितलं आहे ते विचारूनच सांगा. नाहीतर माझ्यासारखी गत होते.

आता मंदिरात कुणी विचारलं, "काकू, कधी येतोय नवरदेव?" तर मी म्हणते, "नोकरी गेली होती, नवी लागली, आता मुलाखतीची तारीख मिळाली की येईल." एका दमात सांगून होतं. विचारणारी दोन मिनिटं थांबते आणि मग हळूच आपल्या मुलाचं सांगते. कुणाचा चार महिने बाकावर बसलाय, कुणाची सून तिकडे आणि मुलगा इकडे. त्या दिवसापासून तिघी जणींनी मला असं सांगितलं आहे. सगळ्याच "बिझी आहे" म्हणत होतो.

चातुर्मासातल्या भाज्यांचा लेख पुढच्या वेळी नक्की पूर्ण करते.

जय जिनेंद्र.